बदामाचा वास, जर्दाळूची बी: सुक्या मेव्याच्या मद्यात खरंच काय असतं?

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडला, द्राक्षबागांच्या शेजारच्या एका लॉनवर आमच्या नात्यातल्या लग्नाचं रिसेप्शन होतं. माझ्या भाचीला अक्रोड, काजू आणि हेझलनटची अॅलर्जी आहे. लहानपणापासूनची सवय म्हणून ती प्रत्येक पदार्थ विचारून घेते. गोडाच्या टेबलावर काचेच्या छोट्या वाट्यांत तिरामिसू, म्हणजे कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांचं इटालियन गोड, मांडलं होतं. तिने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "दादा, यात ड्रायफ्रूट आहेत का?" त्याने वाकून वाटीत नीट पाहिलं आणि म्हणाला, "नाही ताई, बिनधास्त घ्या."

तीन चमचे खाल्ले असतील. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, मानेवर गांध्या उठल्या आणि "मावशी, घशात काहीतरी होतंय" म्हणून ती माझा हात धरून खालीच बसली. आम्ही तिला तशीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मांडीत अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. आता ती बरी आहे.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं, की बिस्किटं ज्या कॉफीत बुडवली होती तिच्यात हेझलनटची लिकर घातली होती. तो मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने वाटीत पाहिलं होतं आणि तिथे एक कापही दिसत नव्हता. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, दरवर्षी मुलांना ऊर्ध्वपातन शिकवते, आणि तरीही ती वाटी माझ्यासमोरून गेली तेव्हा माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. त्यानंतर या बाटल्यांबद्दल मी जे वाचलं आणि तपासलं, ते इथे मांडते आहे. नाशिकला वाईनची राजधानी म्हणतात, टेस्टिंग रूमला जाणं आता घरगुती सहलीसारखं झालंय. पण द्राक्षांच्या पलीकडच्या या गोड बाटल्यांबद्दल आपल्याला फारसं माहीत नाही.

आधी दोन शब्द

पहिला शब्द लिकर. इंग्रजीत दारूला सरसकट जो शब्द वापरतात त्याच्याशी याचा उच्चार मिळताजुळता आहे, म्हणून घोळ होतो. लिकर म्हणजे तयार मद्यात फळ, मसाला, मेवा यांचा स्वाद आणि भरपूर साखर घालून केलेलं पेय. युरोपच्या नियमानुसार लिकर म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के अल्कोहोल लागतं.

दुसरा शब्द आपल्या भाषेतला, आणि खरी अडचण तिथेच आहे. बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते यांच्यासाठी रोजच्या मराठीत वेगळा शब्दच नाही. रविवार कारंजावर दुकानात गेलो की आपण 'ड्रायफ्रूट' मागतो आणि त्यात मनुका, अंजीर, जर्दाळू, खारीक सगळं येतं. अॅलर्जीच्या दृष्टीने मनुका आणि अक्रोड यांचा काही संबंध नाही. शेंगदाणा आणखी निराळा, तो तर शेंगेतला, डाळींच्या कुळातला. या लेखात मी कठीण कवचाच्या आतल्या खाण्याजोग्या गराला 'कवचाचा मेवा' म्हणणार आहे. भाचीने विचारला तो प्रश्न मुळातच धूसर होता, कारण तिच्यापाशी त्यासाठी नेमका शब्द नव्हता.

वास बाटलीत शिरतो कसा?

त्याच्या तीन वाटा आहेत, आणि या तीन समजल्या की बाकीचं सगळं सोपं आहे.

पहिली वाट मुरवण्याची. लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, तसा भाजून फोडलेला मेवा अल्कोहोलमध्ये आठवडे-महिने मुरत ठेवायचा. पाण्यात जे उतरत नाही तेही अल्कोहोलमध्ये उतरतं, त्यामुळे रंग, वास, कडवटपणा, थोडं तेल आणि थोडी प्रथिनंही त्यात येतात. मग गाळणीने चोथा काढून टाकतात. चोथा गेला म्हणून मेवा गेला असं होत नाही. चहाची पावडर गाळणीत राहते, म्हणून कपातला चहा काही पाणी होत नाही.

दुसरी वाट गाळण्याची. इथे गाळणं म्हणजे फडक्यातून गाळणं नव्हे, भट्टीवर दारू गाळतात ते. मुरवलेलं द्रव उकळायचं, वाफ थंड करायची आणि थेंब वेगळे धरायचे. आपल्याकडे ओव्याचा अर्क काढतात तो असाच. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून वाफेत अल्कोहोल आणि उडणारे सुवास जास्त येतात. मागे काय राहतं ते बघायचं असेल तर वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचला. झाकणाला लागलेले थेंब पिवळे नसतात. हळद, मीठ, डाळ खालीच राहते. पण त्या थेंबांना वरणाचा वास असतो. गाळलेल्या मद्याचं अगदी हेच आहे: वास वर येतो, जड माल खाली राहतो. प्रथिनं म्हणजे फार मोठे, जड रेणू. ती वाफेबरोबर उडत नाहीत.

तिसरी वाट थेंब घालण्याची. कारखान्यात बनवलेला किंवा दुसऱ्याच वनस्पतीतून काढलेला इसेन्स साध्या मद्यात मिसळायचा. बेकरीतल्या 'बदाम' केकमध्ये जे असतं तेच.

एकाच बाटलीत या दोन किंवा तिन्ही वाटा एकत्र येऊ शकतात, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. पुष्कळ उत्पादक काही भाग गाळतात, काही भाग मुरवतात आणि शेवटी मिसळतात.

बदामाचा वास मुळात बदामाचा आहे का?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबून सांगते.

मूठभर साधे बदाम घ्या आणि हुंगा. काय वास येतो? जवळपास काहीच नाही. भाजले की खमंग येतो, पण तोही भाजण्याचा. आणि बदाम इसेन्सची बाटली उघडली की जो गोडसर, किंचित कडू, भरून राहणारा दर्प येतो, तो या बदामांत कुठेच सापडत नाही. तो वास कडू बदामाचा. गोड आणि कडू बदाम ही एकाच जातीची झाडं, एका जनुकातल्या फरकाने वेगळी झालेली.

कडू बदामात अमिग्डालिन नावाचं एक संयुग असतं. १८३० मध्ये फ्रान्समध्ये रोबिके आणि बुत्राँ-शालार यांनी ते वेगळं केलं. १८३७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर आणि लीबिश यांनी ते कसं फुटतं ते दाखवलं. बी कोरडी आणि अखंड असते तोवर सगळं शांत असतं. बी चेचली आणि तिला पाणी लागलं, की तिच्यातलाच एक पाचक पदार्थ अमिग्डालिनला जाऊन भिडतो आणि त्याचे तुकडे करतो. लासलगावचा कांदा पोत्यात असतो तोवर कुणाला रडवत नाही, विळीवर चिरला की डोळ्यांत पाणी आणतो. कैरीच्या लोणच्याला मोहरी फेसतो तेव्हाही हेच: कोरडी मोहरी गप्प असते, पाणी घालून फेसली की नाकात झणका जातो. कडू बदामातून या फुटण्यात तीन गोष्टी बाहेर पडतात. एक साखर, दुसरी बेंझाल्डिहाइड आणि तिसरी हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष. यातलं बेंझाल्डिहाइड म्हणजेच आपण ज्याला 'बदामाचा वास' म्हणतो तो.

आता आपल्या घरात या. आजीने जर्दाळू दिला की आपण गर खायचो, मग बी पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडायचो आणि आतला 'बदाम' काढून खायचो. त्याला बदाम म्हणायचो ते उगाच नव्हे. बदाम, जर्दाळू, पीच, आलुबुखार, चेरी ही सगळी एकाच कुळातली सख्खी भावंडं आहेत. बदामात आपण बी खातो आणि गर टाकतो, जर्दाळूत गर खातो आणि बी टाकतो, एवढाच फरक. एखादा जर्दाळू फोडला की आतली बी कडूजहर निघायची आणि आपण थुंकून टाकायचो. त्या कडवटपणातच बदाम इसेन्सचा वास होता.

म्हणूनच बदामाच्या लिकरमध्ये बदाम असेलच असं नाही. या प्रकारातली सगळ्यात गाजलेली लिकर म्हणजे अमारेत्तो. इटालियन भाषेत अमारो म्हणजे कडू, अमारेत्तो म्हणजे थोडंसं कडू. इटलीच्या लोंबार्दी प्रांतात सारोन्नो नावाचं गाव आहे, तिथली दिसारोन्नो ही बाटली जगभर जाते. तिच्यात २८ टक्के अल्कोहोल असतं. तिच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १५२५ मध्ये बेर्नार्दिनो लुइनी हा चित्रकार गावातल्या देवळात भित्तिचित्र काढत होता, त्याने एका खाणावळवालीला समोर बसवून चित्र काढलं आणि तिने कृतज्ञतेने जर्दाळूच्या बिया ब्रँडीत मुरवून त्याला दिल्या. ही कंपनीची लाडकी दंतकथा आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. पण कथेतही जर्दाळूच्याच बिया आहेत. दिसारोन्नोची कंपनीही सांगते, की आमच्या पेयात बदाम नाही, वास जर्दाळूच्या बीच्या तेलाचा आहे. त्याच गावाच्या नावाशी जोडलेली दुसरी एक अमारेत्तो, लाझ्झारोनी, अमारेत्ती नावाची कडसर बिस्किटं मद्यात मुरवून करतात. नाव एकच, गाव एकच, आणि आतला माल निराळा.

"विष असतं म्हणता, मग माणसं मरत कशी नाहीत?"

हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि तो रास्त आहे.

कडू बदामाचं तेल काढताना हायड्रोसायनिक आम्ल वेगळं करून काढून टाकतात, तसं शुद्ध केलेलं तेलच स्वादासाठी वापरतात. शिवाय बेंझाल्डिहाइड थेट कारखान्यातही बनवता येतं, तिथे विषाचा प्रश्नच येत नाही. त्यावर कायद्याचं बंधनही आहे. युरोपात स्वाद घातलेल्या मद्यात हे आम्ल किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. परवानाधारक कंपनीच्या बाटलीची या कारणासाठी भीती बाळगायची गरज नाही.

भीती घरच्या प्रयोगांची बाळगावी. कडू जर्दाळूच्या बिया 'औषधी' म्हणून मूठ-मूठ खाणारे लोक मी पाहिले आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मोठ्या माणसाने तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि लहान मुलासाठी एकसुद्धा धोक्याची ठरू शकते. आजीच्या पाट्यावरची एखादी गोड बी वेगळी. कडू लागली तर थुंकायची, हे आजीचं शास्त्र बरोबर होतं.

हिरवा अक्रोड, बाळकैरी आणि मेंदी

अक्रोडाची लिकर मात्र खऱ्या अक्रोडाची असते, फक्त आपल्या ओळखीच्या अक्रोडाची नाही. इटलीत तिला नोचिनो म्हणतात. मोदेना आणि त्याच्या आसपासचा एमिलिया-रोमान्या हा तिचा मुख्य मुलूख. २४ जूनला, संत जॉनच्या सणाच्या सुमारास, झाडावरचे कच्चे, हिरवे अक्रोड उतरवतात. त्या वेळी आतलं कवच अजून धरलेलं नसतं, दाभण आरपार जातो. आपण लोणच्यासाठी कोय धरायच्या आधीची बाळकैरी उतरवतो, अगदी तसं. अख्ख्या फळाच्या चार फोडी करायच्या, मद्यात घालायच्या, दालचिनी-लवंग-साखर घालून आठवडेच्या आठवडे मुरवायचं. सुरुवातीला हिरवं दिसणारं द्रव हळूहळू काळ्या काढ्यासारखं होतं. युरोपच्या नियमात नोचिनोची व्याख्याच हिरव्या अक्रोडांची आहे आणि तिच्यात किमान ३० टक्के अल्कोहोल असावं लागतं. क्रोएशिया-सर्बियात हिचीच बहीण ओराहोवात्स नावाने मिळते.

चव कडसर, मसालेदार, कुठल्याही अरिष्टाच्या जवळ जाणारी. इटलीत ती जेवणानंतर पोट हलकं करायला घेतात. आपल्याकडे द्राक्षासव घेतात, त्याची आठवण व्हावी इतकं साम्य आहे, फरक एवढाच की द्राक्षासवातलं अल्कोहोल त्यातल्याच साखरेपासून आंबून तयार होतं आणि प्रमाण खूप कमी असतं.

हिरवा अक्रोड चिरणाऱ्याचे हात काळे-तपकिरी होतात आणि काही दिवस निघत नाहीत. याचं कारण जुग्लोन नावाचं द्रव्य. आपल्या मेंदीला रंग देणारं द्रव्य लॉसोन. दोघांचं रासायनिक सूत्र अक्षरशः एकच आहे, अणूंची एक जोडी फक्त वेगळ्या कोपऱ्यावर बसलेली आहे. हे मी वर्गात फळ्यावर काढलं तेव्हा नुकत्याच मेंदी लावून आलेल्या दोन मुली आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या.

अॅलर्जीच्या दृष्टीने बघायचं तर नोचिनो ही मुरवलेली असते. अक्रोडाची अॅलर्जी असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

हेझलनटचं थोडक्यात सांगते, कारण वास ओळखीचा आहे: चॉकलेट स्प्रेडच्या डबीतला. उत्तर-पश्चिम इटलीतला पीमोंते हा प्रांत हेझलनटसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथली फ्रँजेलिको ही लिकर संन्याशाच्या झग्यासारख्या बाटलीत, कमरेला दोरी बांधून येते. हेझलनटचा वास भाजल्यावर फुलतो, शेंगदाण्याचं कूट करताना घरभर जो वास सुटतो त्याच्याशी त्याचं नातं आहे. त्यामुळे या लिकरमध्ये भाजलेला, फोडलेला खरा मेवा वापरलेला असतो.

"काजूची फेणी म्हणजे काजूच ना?"

नाही. आणि हे समजायला गोव्याला जायची गरज नाही, बिब्बा आठवला तरी पुरे.

बिब्ब्याच्या झाडाला काळं, कठीण फळ लागतं, आणि त्याच्या डोक्यावर एक नारिंगी, गोड, मांसल भाग असतो. तो वाळवून 'बिब्ब्याची फुलं' म्हणून बाजारात येतो. काळ्या फळात गोडंबी, जी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. फळाच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की बिब्बा उततो. काजू हा बिब्ब्याचाच कुळबंधू. त्याचं बोंड म्हणजे तो मांसल भाग, आणि खाली लटकलेल्या बीत आपला काजूगर. तिच्याही कवचात तसंच पोळणारं तेल असतं.

फेणी बनते ती बोंडाच्या रसाची. बी आधीच पिळून बाजूला काढतात, बोंड तुडवतात, रस काही दिवस आंबवतात आणि भट्टीवर गाळतात. पहिल्या गाळपाचा सौम्य तो उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. फेणीला जो उग्र, फळाळ वास आहे तो बोंडाचा. त्यात काजूगराचा वास शोधणारे निराश होतात.

नारळाचंही तेच. श्रीलंकेची अरक नारळाच्या पोयीतून निघणाऱ्या रसापासून, म्हणजे माडीपासून, गाळतात. तिच्यात खोबरं नसतं. उलट मालिबूसारख्या बाटलीत रम असते आणि वर नारळाचा स्वाद. म्हणजे एकीत झाड नारळाचं पण चव नारळाची नाही, दुसरीत चव नारळाची पण दारू उसाची.

"दारूत काही शिल्लक राहतं का? आणि शिजवल्यावर तर उडूनच जातं!"

हे मला भाचीच्या प्रसंगानंतर किमान दहा जणांनी ऐकवलं. त्यातले दोघे स्वतः उत्तम स्वयंपाक करतात.

जखमेवर स्पिरिट लावतात ते जंतू मारायला, त्यावरून अल्कोहोल सगळंच नष्ट करतं असा समज झाला आहे. अॅलर्जी घडवणारी कवचाच्या मेव्यातली प्रथिनं फार चिवट असतात, भाजून-उकळूनही बरीच टिकतात. अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली म्हणून ती निरुपद्रवी होतात यावर भरवसा ठेवता येत नाही.

शिजवण्याबद्दल बोलायचं तर उडतं ते अल्कोहोल, आणि तेही पुरतं नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पदार्थावर दारू ओतून पेटवली तरी साधारण ७५ टक्के अल्कोहोल मागे राहतं, २५ मिनिटं भाजलेल्या पदार्थात ४५ टक्के, आणि अडीच तास मंद आचेवर ठेवलं तरी ५ टक्के. जे घरच्या देवाधर्मामुळे, औषधांमुळे किंवा व्यसनातून बाहेर पडल्यामुळे अल्कोहोल अजिबात घेत नाहीत, त्यांच्यासाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. आणि प्रथिनं तर उडतच नाहीत. झाकणावरचे थेंब आठवा: हळद खालीच राहते. तिरामिसू तर शिजवतही नाहीत.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती मला माहीत नव्हती. अल्कोहोल स्वतः अॅलर्जीची प्रतिक्रिया तीव्र करू शकतं. जेवढ्या मेव्याने एरवी नुसती खाज सुटली असती, तेवढ्यानेच दारूसोबत घसा बंद होऊ शकतो.

मग लेबल वाचलं की झालं?

अर्धं काम होतं. युरोपच्या २०११ च्या नियमात एक बारकावा आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. कवचाचा मेवा वापरला असेल तर तो बाटलीवर जाहीर करावाच लागतो, पण तो मेवा गाळलेलं मद्य बनवण्यासाठी वापरला असेल तर त्यातून सूट आहे. कारण वर पाहिलं तेच: गाळताना प्रथिनं वर येत नाहीत. जर्मन भाषक मुलखात हेझलनट मद्यात भिजवून मग गाळतात, त्या प्रकाराला गाइस्ट म्हणतात. पाण्यासारखं पारदर्शक, साखर जवळजवळ नाही, अल्कोहोल किमान ३७.५ टक्के. वास घमघमीत हेझलनटचा, आणि लेबलवर हेझलनटची अॅलर्जी-सूचना नसू शकते. कायद्याने ते बरोबर आहे. तरीही गाळून झाल्यावर पुन्हा काही मुरवलं नाही ना, हे बाटलीवरून कळत नाही, म्हणून गंभीर अॅलर्जी असलेल्याने आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तो धोका घेऊ नये असंच मी म्हणेन.

रंग आणि गोडी यांवरून अंदाज बांधणंही फसवं आहे. गडद रंग मुरवल्याचा असू शकतो किंवा नुसत्या जाळलेल्या साखरेचा.

आपल्याकडे पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणे आणि कवचाचा मेवा असल्यास तसं छापणं २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे. पण लग्नाच्या बुफेत पदार्थासमोर जी छोटी पाटी असते तिच्यावर फक्त नाव असतं. बाटली स्वयंपाकघरात राहते आणि पदार्थ बाहेर येतो. भाचीच्या बाबतीत लेबल होतं, नीट छापलेलंही असेल, पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. केटररांनी, विशेषतः वाईनरीच्या परिसरात लग्नं करणाऱ्यांनी, त्या पाटीवर एक ओळ वाढवावी ही माझी कळकळीची विनंती आहे.

"ही तर गोड असते, बायकांना चालते"

हे वाक्य कॉलेजच्या गॅदरिंगपासून बारशापर्यंत कानावर येतं. साखर अल्कोहोल लपवते, कमी करत नाही. २८ टक्क्यांच्या लिकरचे ६० मिली घेतले तर जवळपास १७ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिली ग्लासात साडेएकोणीस मिली असतं. म्हणजे ते दोन छोटे गोड घोट जवळजवळ एका वाईनच्या ग्लासाइतके. शिवाय ३० मिलीमागे किमान ३ ग्रॅम साखर, दाट प्रकारात त्याच्या अडीचपट. मधुमेह असलेल्यांनी याचा हिशेब धरावा. महाराष्ट्रात या बाटल्या कडक मद्यात मोडतात, वयाची अट २५ आणि परवाना आवश्यक. हातभट्टी लावून घरी काही गाळायचा विचार असेल तर १९४९ चा दारूबंदी कायदा त्याला गुन्हा मानतो, आणि बदामाच्या कडू बिया घेऊन तो प्रयोग करणं जिवाशी खेळ आहे.

भाचीचं कार्ड

या सगळ्यानंतर आम्ही दोघींनी बसून एक कार्ड तयार केलं. मराठीत आणि हिंदीत, पत्त्याएवढं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. आता ती 'ड्रायफ्रूट आहेत का' असं विचारत नाही. वाढणाऱ्याला कार्ड देते आणि आत आचाऱ्याला दाखवून आणायला सांगते. मागच्या महिन्यात दिंडोरी रोडच्या एका हॉटेलात आचारी स्वतः बाहेर आला, त्याच्या हातात बाटली होती, आणि दोघांनी ट्यूबलाइटखाली उभं राहून मागचं बारीक अक्षर वाचलं. तिने त्या दिवशी गुलाबजाम खाल्ला.

कार्डावर एवढंच लिहिलंय:

मला अक्रोड, काजू आणि हेझलनटची अॅलर्जी आहे. खाल्ल्यास श्वास बंद होऊ शकतो.
मनुका, खजूर, अंजीर चालतात.
पदार्थात कूट, पेस्ट, तेल, सरबत किंवा दारू यांतून हा मेवा आला आहे का, ते बघा.
दारू घातली असेल तर कृपया बाटली मला दाखवा.